जुन्या व्हॅनचे इशारादिवे : निगा व दुरुस्ती

मारुती कंपनीची व्हॅन 1984 साली रस्त्यावर आली. पुढे ‘ओम्नी’ या नावाने ती घरोघरी परिचित झाली आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले. तथापि शाळकरी मुलांची ने-आण, रुग्णांची वाहतूक, भाजीपाल्याची पोच अशी कामे या व अशाच प्रकारच्या जुन्या व्हॅन अनेक ठिकाणी आजही करीत आहेत. अशा वाहनाच्या चालकासमोरील फलकावर असलेले दोन-चार लहान दिवे हे त्याचे खरे राखणदार होत. परंतु वाहन जुने झाले की प्रथम दुर्लक्ष होते ते त्यांच्याकडेच. सतत पेटणारा दिवा त्रासदायक वाटून त्याचा बल्ब काढला जातो किंवा त्यावर चिकटपट्टी लावली जाते. इशारा बंद होतो. दोष मात्र कायम राहतो.

प्रथम परीक्षा दिव्यांची

किल्ली फिरवून, परंतु इंजिन सुरू न करता फलकाकडे पाहावे. ऑइलचा व चार्जिंगचा दिवा या वेळी पेटलाच पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. हँडब्रेक ओढला असता ब्रेकचा दिवा पेटावा. जो दिवा कधीच पेटत नाही, तो सतत पेटणाऱ्या दिव्यापेक्षा अधिक घातक समजावा; कारण तो चालकास खोटा दिलासा देतो.

ऑइलचा दिवा

चालत्या गाडीत हा दिवा पेटल्यास इंजिन तत्काळ बंद करून ऑइलची पातळी पाहावी. इंजिनवर बसविलेला एक स्विच ऑइलचा दाब कमी होताच दिव्याचे वर्तुळ पूर्ण करतो. पातळी योग्य असूनही दिवा विझत नसेल, तर इंजिन बंद व किल्ली चालू ठेवून स्विचची तार काढावी. तरीही दिवा पेटताच राहिला, तर तार वाटेत कोठेतरी घासून बॉडीला लागली आहे असे समजावे. दिवा विझला, तर दोष स्विचमध्ये असेल किंवा दाब खरोखरच कमी असेल. याचा निर्णय दाबमापक लावूनच करावा. तोवर इंजिन चालवू नये. दिवा मुळीच पेटत नसल्यास हीच काढलेली तार इंजिनच्या धातूस टेकवावी. तो पेटला तर स्विच सदोष. न पेटल्यास बल्ब, फ्यूज व तार तपासावी.

चार्जिंग व उष्णतेचे निदर्शक

अनेक जुन्या वाहनांत चार्जिंगच्या दिव्यातून जाणारा अल्पसा प्रवाहच अल्टरनेटरला प्रारंभी जागृत करतो. त्यामुळे हा बल्ब गेला, तर अल्टरनेटर चांगला असूनही बॅटरी भारित न होण्याचा संभव असतो. इंजिन चालू असता बॅटरीवर सुमारे 13.8 ते 14.4 व्होल्ट दाब मिळावयास हवा. दिवा चालत्या गाडीत पेटल्यास प्रथम पट्टा पाहावा. बहुतेक जुन्या इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो. पट्टा तुटला असता गाडी पुढे दामटल्यास इंजिन तापून निकामी होते.

उष्णतामापकाचा काटा जागचा हलतच नसेल, तर त्याच्या संवेदकाची तार सुटली असण्याचा संभव आहे. काटा थंड दाखवितो म्हणून इंजिन थंड आहे, असे गृहीत धरू नये.

ब्रेकचा दिवा

अनेक वाहनांत हाच दिवा हँडब्रेकची स्थिती व ब्रेक ऑइलची पातळी या दोहोंचा इशारा देतो. हँडब्रेक पूर्ण सोडूनही तो पेटत असल्यास टाकीतील पातळी पाहावी. ब्रेकचे अस्तर झिजत जाते तशी पातळी हळूहळू उतरते. ती एकाएकी उतरली, तर गळती आहे असे समजून गाडी हलवू नये. केवळ वरून ऑइल ओतून दिवा विझविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

मूळ अनेकदा एकच

दोन-तीन दिवे एकाच वेळी मंद पेटत असतील किंवा हेडलाइट लावताच मापकांचे काटे हलत असतील, तर प्रत्येक भाग बदलण्यापूर्वी फलकाची अर्थिंग तपासावी. गंजलेला स्क्रू घासून स्वच्छ करून घट्ट बसविला की अनेकदा काम भागते. फ्यूज ठरलेल्या क्षमतेचाच घालावा. त्याऐवजी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे आगीस निमंत्रण होय.

जबाबदारी सामूहिक

आठ वर्षांहून अधिक जुन्या परिवहन वाहनास दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु ती तपासणी वर्षातील एका दिवसाची असते; उरलेल्या दिवसांची काळजी वापरणाऱ्यांनीच घ्यावयाची आहे. महाराष्ट्रात 2011 च्या शालेय बस नियमांनुसार शाळांत परिवहन समिती असते. समितीच्या सदस्यांनी महिन्यातून एकदा चालकास किल्ली फिरविण्यास सांगून दिवे स्वतः पाहिले, तरी मोठे काम होईल. कार्यालयांनी व ग्रामपंचायतींनी आपल्या वाहनाच्या नोंदवहीत या तपासणीसाठी एक रकाना ठेवावा. इशारादिव्याची तक्रार करणाऱ्या चालकास खर्च वाढविणारा न समजता सावध समजावे. या तपासणीस फार तर एक मिनिट लागते. मागे बसलेल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी एवढा वेळ प्रत्येकाने अवश्य द्यावा.