160 चे 500 कुठे झाले?

नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. पुनर्विकासात तिच्या बदल्यात मिळणारे घर 500 चौरस फुटांचे. हा आकडा विधानसभेत हात वर करून ठरला, असे बऱ्याच जणांना वाटते. तसे नाही.

जमीन, शेती आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय घटनेच्या राज्यसूचीत आहेत. म्हणून नगररचनेचा कायदा आपल्या विधिमंडळाचा आहे : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966. पर्यावरणात मात्र केंद्राचा 1986 चा कायदा वरचढ. राज्याच्या हाती झाडांसारखे विषय उरतात; 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना वेगळे संरक्षण मिळाले.

कायद्याची वाट सगळ्यांना ठाऊक असते : विधेयक, दोन्ही सभागृहे, राज्यपालांची संमती, राजपत्र. अधिवेशन चालू नसेल तर अध्यादेश. फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढताना 2016 मध्ये सरकारने आधी अध्यादेशच काढला होता. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही, तर तो आपोआप संपतो.

चाळकऱ्याचा संबंध मात्र येतो तो कायद्याखालच्या विकास नियंत्रण नियमावलीशी. बीडीडी चाळींसाठी तिच्यात 33(9)(ब) असा स्वतंत्र नियम आहे. किती चटईक्षेत्र, कोण पात्र, घर केवढे, हे तिथे लिहिलेले असते. अशी नियमावली बदलायला विधेयक लागत नाही. कलम 37 खाली सूचना प्रसिद्ध होते, हरकतींसाठी एक महिना मिळतो, सुनावणी होते आणि नगरविकास विभाग मंजुरी देतो. कलम 154 खाली तर सरकार नियोजन प्राधिकरणाला थेट निर्देशही देऊ शकते. माझ्या मते खरी सत्ता इथेच आहे. आमदारांच्या भाषणांवर आपण तासन्‌तास बोलतो आणि नोटीस मात्र छोट्या जाहिरातींच्या गर्दीत वाचायची राहून जाते.

तेव्हा नायगावकरांनो, फेरबदलाची सूचना निघाली की चाळ कमिटीच्या फळ्यावर लावा. महिना संपायच्या आत नियमाचा क्रमांक घालून लेखी हरकत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.