‘तीनशे त्रेपन्न लावीन!’

सातबाऱ्यासाठी तलाठी कार्यालयात जा, जन्मदाखल्यासाठी नगरपालिकेत जा, नाहीतर एसटीच्या आगारात चौकशीला जा. भिंतीवर एक पाटी बहुधा असतेच. सरकारी कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणल्यास भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ हे ऐकून आपण मान वर करतो, तेव्हा नेमकी तीच समोर दिसते. शाळेत घोकलेलं एकही कलम आठवत नसलेल्या माणसालाही हे एक पाठ असतं. ‘जास्त बोलाल तर तीनशे त्रेपन्न लावीन’ हे वाक्य ऐकून गप्प बसलेली माणसं आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत आहेत.

आधी पाटीवरचा मजकूरच तपासू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेनंतर घडलेल्या गुन्ह्याला ३५३ लागतच नाही. त्याची जागा आता कलम १३२ ने घेतली आहे. पाच वर्षांचीही एक गोष्ट आहे. मूळ कलमात शिक्षा दोन वर्षांपर्यंतच होती. महाराष्ट्राने २०१८ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून ती पाचावर नेली आणि खटला सत्र न्यायालयाकडे दिला. नव्या संहितेच्या १३२ मध्ये आकडा पुन्हा दोन वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही, असा आहे. कायदा बदलला, पाट्या मात्र अनेक ठिकाणी जागच्या जागी आहेत. नागरिकाला कायदा माहीत नसणं ही सबब चालत नाही, असं सांगणाऱ्या कचेरीने निदान आपली भिंत तरी अद्ययावत ठेवावी.

पण आकड्यापेक्षा मोठा गैरसमज आहे तो ‘अडथळा’ या कल्पनेचा. आवाज चढवला, उलट उत्तर दिलं, टेबलावर हात आपटला की झाला गुन्हा, असं दोन्ही बाजूंना वाटतं. कलम १३२ ला एवढं पुरत नाही. लोकसेवकावर हमला झालेला असावा लागतो किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग. तोही लोकसेवक आपलं कर्तव्य बजावत असताना किंवा त्याला त्यापासून रोखण्यासाठी. आणि हमल्याच्या व्याख्येखाली कायद्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे की नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे. शब्दांमुळे हावभावाला अर्थ येऊ शकतो, एवढंच. व्याख्येतली उदाहरणं १८६० पासून तीच चालत आली आहेत: समोरच्यावर मूठ उगारणं, चावऱ्या कुत्र्याचं मुसकं सोडायला लागणं, काठी उचलून ‘तुला बडवतो’ म्हणणं. नुसतं ‘बडवतो’ आणि काठी उचलून ‘बडवतो’, यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सर्वोच्च न्यायालयानेही ही रेघ पुन्हा पुन्हा ओढली आहे. बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका जोडप्याने पोलीस अधिकाऱ्याच्या वागण्याबद्दल तक्रारवजा मजकूर लिहिला, तर त्यांच्यावर चक्क ३५३ दाखल झालं. २०१५ मध्ये न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला, कारण फेसबुकवर लिहिण्यात ना हमला होता ना बलप्रयोग. जानेवारी २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका वसतिगृहावरच्या छाप्याच्या प्रकरणातही न्यायालयाने हेच पाहिलं. फिर्यादीत व्यत्यय आणल्याचा उल्लेख होता. अंगावर जाण्याचा, बळ वापरण्याचा नव्हता. तेवढ्यावर ३५३ टिकलं नाही.

आता याची दुसरी बाजू, आणि ती शिरजोर मंडळींनी नीट वाचावी. ‘मी हात कुठे लावला?’ हा बचाव वाटतो तेवढा भक्कम नाही. बळाच्या व्याख्येत माणसाचं अंग तर येतंच, शिवाय त्याने घातलेली किंवा हातात धरलेली वस्तूही येते. कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीन हिसकावलं, हवालदाराच्या हातातली पावती ओढली, तर अंगाला बोट न लागताही बलप्रयोग होऊ शकतो. एसटीचे कर्मचारी कायद्याने लोकसेवक मानले जातात, त्यामुळे सुट्ट्या पैशांवरून सुरू झालेली बाचाबाची इथवर येऊन पोचते. नाकाबंदीत पोलीस पुढे उभा असताना ब्रेकवरचा पाय हळूच सैल करून गाडी त्याच्या गुडघ्यापर्यंत नेणारे तर सरळ या कलमात बसतात. प्रत्यक्ष इजा झाली की कलम १२१ लागतं: शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि इजा जबर असेल तर किमान एक ते कमाल दहा वर्षं.

मग बळ न वापरता केलेला अडथळा? अतिक्रमणविरोधी पथकाच्या जेसीबीसमोर ठाण मांडून बसणं वगैरे? त्याला वेगळं कलम आहे, २२१ (पूर्वीचं १८६). शिक्षा तीन महिन्यांपर्यंत किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात एक मेख आहे, जी फारशी कुणाला ठाऊक नसते: संबंधित अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. १३२ ला ही अट नाही. सौम्य प्रकरणातही जड कलमाकडे हात का जातो, याचं थोडं उत्तर इथे असावं असं मला वाटतं.

‘अजामीनपात्र आहे, म्हणजे आत गेलाच’ हाही एक लाडका समज. अजामीनपात्र म्हणजे जामीन हक्क म्हणून पोलीस ठाण्यात मिळत नाही. न्यायालय तो देऊ शकतं आणि देतंही. शिवाय सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते. अटकेची गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची, गरज असेल तर तिची कारणं लिहायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम ३५ सांगतं.

मोबाइलवर चित्रीकरण केलं की फोन हिसकावला जातो आणि ‘हे गुपित आहे’ असं दरडावलं जातं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते अधिनियमातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही. तिथे चित्रीकरण केलं म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. आता तर झडती आणि जप्तीचं चित्रीकरण पोलिसांनी स्वतःच करायचं असतं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे. अर्थात कॅमेरा तोंडाशी नेऊन वाट अडवायची मुभा यातून मिळत नाही. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, हेही कायद्यातच आहे. म्हणून ‘साहेब, आपलं नाव काय?’ हा प्रश्न अडथळ्यात मोजता येत नाही.

मात्र ‘कारवाईच बेकायदा होती, मग मी ढकललं तर काय बिघडलं?’ हा युक्तिवाद करण्याआधी न्याय संहितेचं कलम ३७ वाचावं. लोकसेवक सद्भावनेने, पदाच्या अधिकारात काही करत असेल, तर ती कृती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी तिच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. मृत्यूची किंवा जबर इजेची रास्त भीती वाटली तर गोष्ट वेगळी. समोरचा लोकसेवक आहे हे माहीत नसेल आणि तसं समजायला कारणही नसेल, तरीही वेगळी. बाकी चुकीच्या कारवाईचं उत्तर तक्रारीत आणि कोर्टात द्यायचं, रस्त्यावर नाही.

दवाखान्यातली तोडफोड हा याच घरातला विषय. ‘खासगी डॉक्टर कुठे सरकारी नोकर आहे?’ असं म्हणणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. तो खासगी रुग्णालयांनाही लागू आहे आणि त्यात डॉक्टरांबरोबर परिचारिका व इतर वैद्यकीय कर्मचारीही येतात. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. वर फोडलेल्या यंत्राच्या खरेदीच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. रात्री दोन वाजता ज्याने व्हेंटिलेटरवर खुर्ची फेकली, त्याला हा हिशेब सकाळी कळतो.

आता रुग्णवाहिका. तिला वाट न देणं हा सभ्यतेचा प्रश्न आहे, गुन्हा नाही, असं समजणारे पुष्कळ. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ई आलं: अग्निशमनाची गाडी किंवा रुग्णवाहिका येताना वाहन बाजूला न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. इथे हमला, बळ, हेतू यातलं काहीच सिद्ध करावं लागत नाही. बाजूला झाला नाहीत, एवढंच पुरतं. ज्या कलमाला एवढी कमी अट आहे त्याची पाटी मला अजून कुठल्या सिग्नलवर दिसलेली नाही.

२०१७ च्या वाहनचालन नियमांनी क्रमही लावून दिला आहे: आधी अग्निशमन, मग रुग्णवाहिका, त्यानंतर पोलिसांची गाडी, शेवटी पाणी-विजेसारख्या अत्यावश्यक सेवांची वाहनं. दिवा आणि भोंगा चालू ठेवून निकडीच्या कामावर निघालेल्या या गाड्या पुरेशी काळजी घेऊन लाल सिग्नल ओलांडू शकतात, वेगमर्यादा मोडू शकतात, एकेरी रस्त्यात उलट्या दिशेनेही जाऊ शकतात. ही सवलत त्यांची आहे, त्यांच्यासाठी वाट करणाऱ्याची नाही; तुम्हाला सिग्नल तोडायची परवानगी नियमांत दिलेली नाही, फक्त कडेला व्हायचं आहे. आणि रुग्णवाहिकेने गर्दी फोडली की तिच्या मागच्या बंपरला चिकटून सुसाट सुटणारे जे दुचाकीवाले आणि गाडीवाले असतात, त्यांच्यासाठीही त्याच नियमांत अंतर लिहिलेलं आहे: पन्नास मीटर.