भूजलाची वाट : चुनखडक आणि पेण-रोह्याचा कातळ

भूजल ‘झिरपते’ असे आपण म्हणतो. परंतु या एका क्रियापदाखाली दोन भिन्न गती झाकल्या जातात. वाळूच्या थरात पाणी कणाकणांमधून सावकाश सरकते. फ्रेंच अभियंता दार्सी याने १८५६ साली मांडलेला नियम याच गतीचा होय. चुनखडकात मात्र पाणी खडक विरघळवून भुयारी वाटा कोरते व त्यांतून ओढ्यासारखे धावते. तेथे केवळ या नियमावर रचलेले गणिती प्रतिमान फसते.

पेण व रोहे तालुक्यांत चुनखडक नव्हे, तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा कातळ आहे. तो चुनखडकाप्रमाणे विरघळत नाही. तथापि त्यातील पाणीही वरच्या मुरमाखाली मुख्यतः सांध्या-भेगांतूनच वाहते. म्हणून धाटावच्या औद्योगिक वसाहतीजवळ सांडपाणी मुरले, किंवा पेणच्या खारपट्ट्यात खाडीचे पाणी शिरले, तर ते सर्व दिशांना सारखेच पसरेल असे मानता येत नाही. जवळची विहीर शुद्ध राहील आणि भेगेच्या रेषेवरील दूरची विहीर दूषित होईल, हे संभवते. यास्तव केवळ अंतर मोजून विहीर निर्धोक ठरविणे उचित नव्हे. आधी भेगांची दिशा नकाशावर आणावी, आणि प्रत्येक विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासावे. पाणी कोणत्या वाटेने येते हे कळल्यावाचून ते पिण्याजोगे राहील की नाही, हे सांगता येणार नाही.