मागची काच फुटल्यावर

गाडीच्या काचा आपण रोज पाहतो. पण त्या सगळ्या एका जातीच्या नसतात, हे बहुतेकांना काच फुटल्यावरच कळतं. पुढच्या काचेवर दगड बसला, तर तिला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात, पण ती जागेवर राहते. मागच्या काचेवर तोच दगड बसला, तर एका क्षणात अख्खी काच खाली येते. डिकीत, सीटवर आणि रस्त्यावर खडीसाखर सांडावी तसा सडा पडतो.

निमित्त साधंच असतं. गवत कापायच्या यंत्राखालून उडालेला खडा, मुलांचा क्रिकेटचा चेंडू, झाडावरून पडलेला नारळ, रिव्हर्स घेताना लागलेली टेम्पोबाहेरची सळई, किंवा पडद्याचा लांब दांडा आत असताना जोरात आपटलेली डिकी. अशा वेळी आपण आधी भांडतो, मग पैशांचा विचार करतो आणि सुरक्षिततेची आठवण सर्वांत शेवटी होते. खरं तर क्रम उलटा हवा. आधी माणसं, मग योग्य काच, मग पैसे, आणि भांडण जमलं तर नकोच.

आधी ही काच अशी का फुटते ते पाहू. पुढची काच ‘लॅमिनेटेड’ असते. काचेचे दोन पातळ थर आणि मधे प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने अशा काचेचं पेटंट १९०९ साली घेतलं. तडा गेला तरी तुकडे त्या पापुद्र्याला चिकटून राहतात. मागची काच बहुतेक गाड्यांत ‘टफन्ड’ असते. ती सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि गार हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून थंड होताना आकसू पाहतो. त्यामुळे बाहेरचा थर कायमचा दाबलेला आणि आतला कायमचा ताणलेला राहतो. बाहेरच्या त्या दाबामुळे ही काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत होते. पण कुठेतरी, विशेषतः कडेला, टोकदार घाव त्या ताणलेल्या थरापर्यंत पोचला, की आत साठलेला सगळा ताण एकदम सुटतो.

ही करामत जुनी आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीवाला टणक थेंब तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो सहजी फुटत नाही, पण शेपटीचं टोक मोडलं की सगळा थेंब भुगा होतो. प्रिन्स रुपर्टच्या नावाने ओळखले जाणारे हे थेंब १६६१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आले होते. आपली मागची काच म्हणजे त्याच तत्त्वाचा सपाट अवतार. तिचे बोथट तुकडे होतात ते दोष म्हणून नव्हे. साध्या काचेसारख्या लांब सुऱ्या मागे बसलेल्यांच्या अंगावर येऊ नयेत, म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते. यावरून दुसरी गोष्टही निघते. या काचेला तडा बुजवण्याची दुरुस्ती नाही. ती फुटली की बदलायचीच.

आता पहिला तास. गाडीत कोणी असेल तर आधी त्यांना सावकाश बाहेर काढा. मुलांच्या केसांत, कॉलरमध्ये आणि बुटांत खडे असतात. ते हाताने चोळून काढू नका, झटकून पाडा. डोळ्यात काही गेल्याची शंका असेल तर डोळा न चोळता डॉक्टर गाठा. मग झाडण्याआधी फोटो काढून घ्या: पूर्ण गाडी, नंबर प्लेट, फुटलेली जागा, आणि ज्याने फुटली ती वस्तू. चौकटीत लटकणारी काच जाड हातमोजे घालून आणि डोळ्यांना चष्मा लावून आतून बाहेर ढकलावी. तुकडे बोथट म्हणतो, पण कडेचे तुकडे बोटं कापू शकतात.

उघड्या गाडीवर प्लॅस्टिकचा कागद लावताना पॅकिंगची खाकी टेप थेट रंगावर चिकटवू नका. उन्हात तिचा डिंक रंगाला धरून बसतो. रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप बरी. असा कागद लावला की आतल्या आरशातून मागचं काही दिसत नाही, म्हणून जायचंच असेल तर थोडं अंतर, कमी वेगाने आणि दोन्ही बाजूंचे आरसे नीट लावून.

याहून महत्त्वाची एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. गाडी धावते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो. मागची काच नसेल तर तो धूर आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि मागच्या सीटवर झोपलेल्या मुलाला तो आधी गाठतो. म्हणून फुटक्या काचेने रात्रभराचा प्रवास करू नका. थोडं अंतर जाताना पुढच्या काचा उघड्या ठेवा, पंखा बाहेरची ताजी हवा घेईल असा लावा, आणि मागे कुणाला बसवू नका.

आता काच निवडायची. मोठ्या शहरांत काचेची खास दुकानं असतात, काही जण घरी येऊनही काच बसवून देतात, शिवाय कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहेच. कुठेही गेलात तरी गाडीचं मॉडेल आणि वर्ष एवढंच सांगून भागत नाही. एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या प्रकारांत मागची काच वेगळी असू शकते. तिच्यावर तांबूस आडव्या रेघा होत्या का? त्या डीफॉगरच्या तारा. पावसाळ्यात आणि घाटात काचेवरची वाफ त्याच घालवतात. वायपरसाठी भोक होतं का? रेडिओची एरियल काचेतच होती का? ब्रेकचा वरचा दिवा कुठे होता? स्वस्त पडते म्हणून रेघा नसलेली काच घेतली, तर पुढच्या पावसात मागचं दिसणार नाही.

काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत शिक्का असतो. त्यात बनवणाऱ्याचं नाव आणि आयएसआयची खूण पाहा. वाहनांच्या सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक आहे आयएस २५५३, भाग दोन. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या शंभराव्या नियमानुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार व्हायला हवा. म्हणून नव्या काचेबरोबर ‘गडद फिल्म फुकट’ अशी सवलत मिळाली तर नको म्हणा. अॅक्रिलिकचा पत्रा कापून बसवणं हाही पर्याय नव्हे. त्याच्यावर ओरखडे पडतात आणि ती सुरक्षा काच नव्हे.

खरा घोटाळा होतो तो बसवताना. अॅम्बॅसिडरसारख्या जुन्या गाड्यांची काच रबरी बीडिंगमध्ये बसायची. बीडिंगच्या खाचेत दोरी घालायची आणि आतून ती ओढत ओढत काच जागेवर आणायची. आताच्या बहुतेक गाड्यांत काच पॉलियुरेथेन नावाच्या गोंदाने पत्र्याला चिकटवतात. जुना गोंद सगळा खरवडून काढायचा नसतो. कारागीर त्याचा पातळ, सपाट थर मुद्दाम ठेवतो, कारण नवा गोंद त्याला घट्ट धरतो. पत्र्यावर ओरखडा गेला तर तिथे प्रायमर लागलाच पाहिजे. तो राहिला तर गंज धरतो, गंजाबरोबर गोंद सुटतो आणि दोन पावसाळ्यांनी डिकीत पाणी साचू लागतं. काचेच्या कडेचा काळा पट्टाही शोभेचा नव्हे. उन्हाने गोंद खराब होऊ नये म्हणून तो असतो.

कोणी बाथरूमचं सिलिकॉन लावू लागला तर थांबवा. त्याला तेवढी ताकद नसते, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंजही लावतं. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत हळूहळू घट्ट होतो. किती वेळाने गाडी हलवायची हे गोंदाच्या ट्यूबवर लिहिलेलं असतं. फिटरला तेच वाचून दाखवायला सांगा. पहिला दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. सगळं बंद असताना दार आपटलं, तर आतली हवा ओल्या गोंदावरची काच बाहेर ढकलते. पहिले दोन दिवस जोराच्या फवाऱ्याने गाडी धुऊ नका.

गाडी ताब्यात घेताना डीफॉगर, वायपर आणि ब्रेकचा दिवा चालू करून पाहा. काचेवर मगने पाणी ओतून आत हात फिरवा. सीटच्या फटी, पट्ट्याचं बक्कल आणि मुलांची सीट व्हॅक्यूमने साफ झाली आहे ना, हेही बघा. डिकीच्या दाराच्या पोकळीत राहिलेले खडे पुढे कित्येक महिने खडखडत राहतात.

आता पैसे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक विमा असेल तर अपघाताने फुटलेली काच त्यात येते, आणि काचेच्या भागावर घसारा कापला जात नाही. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर तो ५० टक्के कापतात, काचेवर शून्य. पण अनिवार्य कपात आहेच: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये, त्यापुढे २००० रुपये. मात्र दुरुस्तीच्या आधी कंपनीला कळवायला हवं.

तरीही क्लेम करावा का? हिशोब मांडू. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८००० रुपये आहे, सध्या ३५ टक्के नो क्लेम बोनस मिळतो आणि काच ५००० रुपयांची आहे. क्लेम केला तर हाती येतील ४०००. पण पुढच्या वर्षी मिळणारा ४५ टक्के बोनस, म्हणजे ३६०० रुपये, जाईल. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्केच मिळेल, म्हणजे आणखी २४०० गेले. चार हजारांसाठी सहा हजार! अशा वेळी खिशातून दिलेले बरे. काच महाग असेल, बोनस अजून सुरूच झाला नसेल, किंवा बोनस सुरक्षित ठेवण्याची जोड घेतली असेल, तर उत्तर उलटं येतं. म्हणून फोन करण्याआधी पॉलिसी उघडा आणि हे आकडे कागदावर मांडा.

आणि भांडणाचं? गवत कापणाऱ्या माळ्याच्या पगारातून काचेचे पैसे कापायची भाषा अनेक सोसायट्यांत ऐकू येते. खडा कुठून उडेल हे त्याच्या हातात नसतं. त्याच्या यंत्राला पात्यावरचं झाकण होतं का आणि त्या दिवशी गाड्या हलवायची सूचना लावली होती का, हे मात्र सोसायटीच्या हातात होतं. झाकण नसेल तर पुढचा खडा काचेवरच बसेल असं नाही. तो शेजारून जाणाऱ्या मुलाच्या डोळ्यावरही बसू शकेल. सभेत बोलायचंच असेल तर त्या झाकणाविषयी बोला.