राजधानी जुन्नर!

क्विझमध्ये प्रश्न आला, "एस्टोनियाची राजधानी कोणती?" मी लगेच बझर दाबला. टॅलिन! पुढचा प्रश्न, "निजामशाहीची पहिली राजधानी?" मी म्हटलं, अहमदनगर. चूक! उत्तर होतं जुन्नर. आणि मी राहते आंबेगाव तालुक्यात, जुन्नर तर माझ्या मामाचं गाव! कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे युरोपचा नकाशा पाठ, पण शेजारच्या तालुक्याचा इतिहास माहीत नाही. लाज वाटली, म्हणून वाचायला घेतलं. तेच इथे सांगते.

बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियावर डॅनिश, जर्मन, स्वीडिश, रशियन अशा सगळ्यांनी राज्य केलं. १९१८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, १९४० मध्ये गेलं, १९९१ मध्ये परत आलं. लोकसंख्या जेमतेम १४ लाख. मोठ्या शेजाऱ्यांच्या कात्रीत सापडलेला छोटा देश. जुन्नरचंही तसंच झालं.

जुन्नरला महत्त्व आलं ते रस्त्यामुळे. कोकणातल्या बंदरांवरचा माल नाणेघाट चढून इथे यायचा. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. १४७० च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी घोडा विकायला जुन्नरला आला, तर इथल्या खानाने तो घोडाच काढून घेतला! नंतर परत मिळाला म्हणा.

बहमनी राज्य खिळखिळं झालं तेव्हा मलिक अहमदने १४९० मध्ये जुन्नरला स्वतंत्र निजामशाही सुरू केली. (हैदराबादचा निजाम वेगळा बरं का!) १४९४ मध्ये त्याने अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, वसवायला घेतलं आणि राजधानी तिकडे गेली. मुघलांनी १६०० मध्ये नगरचा किल्ला घेतल्यावर मलिक अंबरने काही काळ राजधानी पुन्हा जुन्नरला आणली. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले तेव्हा निजामशाही शेवटच्या घटका मोजत होती. शहाजीराजांनी एका लहान मुलाला निजाम म्हणून गादीवर बसवून ती वाचवायचा प्रयत्न केला. पण १६३६ मध्ये मुघल आणि आदिलशहा एक झाले आणि हे राज्य संपलं. शिवनेरी मुघलांकडे गेला. महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नर शहर लुटलं, पण जन्माचा किल्ला त्यांना हयातीत मिळाला नाही.

एस्टोनियाला त्याचं राज्य परत मिळालं, जुन्नरचं तालुक्याचं गाव झालं. पण निदान आपण तरी विसरायला नको ना? मामाला हे सगळं उत्साहाने सांगितलं, तर तो म्हणाला, "तुला आत्ता कळलं होय? सुट्टीत ये, दाखवतो." या सुट्टीत जाणार आहे. तुम्हीही या!