अमेरिकेचं पिकअपप्रेम आणि कोंबडीचा कर

अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारी गाडी कोणती, या प्रश्नाचं उत्तर चाळीस वर्षांहून अधिक काळ एकच येत राहिलं आहे: फोर्डची एफ मालिका, म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेला पिकअप ट्रक. आपल्याकडे पिकअप म्हणजे पहाटे टोमॅटोचे क्रेट भरून बाजार समितीकडे निघणारं वाहन. मालकाला या गाडीचा अभिमान असतो, पण लग्नाला जायला तो दुसरी गाडी शोधतो. अमेरिकेत मात्र हीच गाडी कचेरीत, मुलांच्या शाळेत आणि रविवारी चर्चमध्ये नेली जाते. तिथल्या माणसाचा रांगडा स्वभाव, अफाट शेतं, लांबच लांब रस्ते अशी याची कारणं सहसा सांगितली जातात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. हे प्रेम मुळात खरं असलं, तरी त्याला आजचा आकार दिला तो सरकारी जकातीने आणि नियमांनी. आणि त्याची किंमत मोजली ती हे ट्रक बनवणाऱ्या कामगारांनी.

आधी प्रेम खरं कसं, ते पाहू. मॉडेल टी गाडीच्या मागच्या बाजूला लाकडी पेटी ठोकून शेतमाल नेण्याची युक्ती शेतकऱ्यांनी स्वतःच काढली होती. फोर्डने १९२५ मध्ये ती कारखान्यातच तयार करून २८१ डॉलरला विकायला आणली. एफ मालिका आली १९४८ मध्ये, तेव्हा जकातीचा प्रश्नही उद्भवला नव्हता. या गाडीची रचनाही जीव लावण्याजोगी आहे. साध्या मोटारीचा सांगाडा आणि पत्रा एकजीव असतात. पिकअपची चासी शिडीसारखी, वेगळी आणि दणकट असते. जुळणीच्या साखळीवर आधी नुसती चासी पुढे सरकते, तिच्यावर अ‍ॅक्सल आणि मागे पाट्यांच्या कमानी बसतात, मग इंजिन. रंगवून आलेली केबिन वरून अलगद उतरते आणि बोल्टने आवळली जाते, आणि हौदा वेगळाच येऊन मागे बसतो. गाडी कशी उभी राहते ते इथे डोळ्यांना दिसतं. अमेरिकेतल्या ट्रक कारखान्यांतून निवृत्त झालेली माणसं आपल्या हातच्या गाड्यांबद्दल वर्षानुवर्षं बोलत राहतात, त्याचं एक कारण मला हे दिसतं.

आता जकातीची गोष्ट. १९६०च्या आसपास अमेरिकेतल्या मोठ्या पोल्ट्री फार्ममधली स्वस्त कोंबडी पश्चिम जर्मनीच्या बाजारात धो-धो येऊ लागली. तिथले कोंबडीपालक ओरडू लागले तेव्हा, १९६२ मध्ये, युरोपीय सामायिक बाजारपेठेने तिच्यावरचा कर वाढवला. बोलणी फिसकटल्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के जकात लावली. ट्रकच्या बाबतीत नेम होता जर्मनीच्या फोक्सवॅगनवर. बाकीच्या वस्तूंवरची जकात पुढे उठली, ट्रकवरची राहिली. मोटारींवर मात्र ती पुढे बराच काळ फक्त अडीच टक्के होती. हा फरक किती जाचक होता, हे तो चुकवण्याच्या खटपटींवरून कळतं. जपानच्या सुबारूने आपल्या ब्रॅट या गाडीच्या उघड्या हौद्यात दोन खुर्च्या बसवल्या, म्हणजे ती प्रवासी वाहन ठरावी. खुद्द फोर्डने तुर्कस्तानात बनलेल्या ट्रान्झिट कनेक्ट गाड्या मागच्या आसनांसह आणल्या आणि बाल्टिमोरला उतरल्यावर ती आसनं काढून टाकली. त्या प्रकरणात २०२४ मध्ये कंपनीने ३६.५ कोटी डॉलर भरून तडजोड केली.

दुसरा हातभार इंधनाच्या नियमांनी लावला. १९७५च्या कायद्यानंतर मोटारींना कडक आणि हलक्या ट्रकना सैल निकष मिळाले. पुढे चाकांमधल्या क्षेत्रफळानुसार निकष ठरू लागले. गाडी जितकी मोठी तितकी सवलत जास्त. साहजिकच कंपन्यांना मोठा ट्रक करणं परवडू लागलं आणि लहान पिकअप मागे पडला. फोर्डचा लहान रेंजर अमेरिकेत २०११ अखेर बंद झाला, आणि २०१९ मध्ये परतला तो आकाराने वाढूनच.

यावर कुणी म्हणेल की जकात लावून कुणाच्या मनात प्रेम निर्माण होत नाही. शेवटी गाडी ग्राहकच निवडतो. खरं आहे. पण समोर मांडलेल्या मालातूनच तो निवडतो, आणि काय मांडायचं हे इथे जकातीने आणि नियमांनी ठरवलं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जकातीच्या या भिंतीमुळेच तर परदेशी कंपन्या अमेरिकेत कारखाने काढायला आल्या. निसानच्या टेनेसीतल्या स्मर्ना कारखान्यातून १९८३ मध्ये बाहेर पडलेली पहिली गाडी पिकअपच होती, आणि टोयोटा टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत ट्रक बनवू लागली. हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या, हे मान्य करायलाच हवं.

तरीही सगळा नफा एकाच प्रकारच्या गाडीत गोळा झाला की कामगारांचं नशीबही तिच्याच दावणीला बांधलं जातं. २००८ मध्ये पेट्रोल गॅलनमागे चार डॉलरवर गेलं आणि मोठ्या गाड्यांची मागणी कोसळली. त्या डिसेंबरात, नाताळच्या दोन दिवस आधी, ओहायोतल्या मोरेनचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला. तिथे ट्रकच्याच चासीवरच्या एसयूव्ही बनत होत्या. ‘द लास्ट ट्रक’ या माहितीपटात तिथल्या कामगारांनी आपापलं काम सांगितलं आहे. नोकरी गेल्याच्या दुःखाइतकंच हाताखालचं यंत्र सोडून जाण्याचंही दुःख त्यात आहे. याची उलट बाजू २०२३च्या संपात दिसली. कामगार संघटनेने ऑक्टोबरमध्ये फोर्डचा केंटकी ट्रक कारखाना अचानक बंद पाडला, कारण वर्षाला सुमारे २५ अब्ज डॉलरची उलाढाल असलेला तो कंपनीचा सर्वांत किफायतशीर कारखाना होता. फायदा कुठे साठला आहे हे कामगारांना नेमकं ठाऊक होतं, आणि त्यातला आपला वाटा त्यांना संप करूनच मागावा लागला.

जकातीचं पहिलं संरक्षण मिळालं ते कंपन्यांच्या नफ्याला; कामगारांपर्यंत ते पोचलं ते त्या नफ्याच्या तब्येतीनुसार. तरी धोरण फारसं हललं नाही. दक्षिण कोरियाच्या पिकअपवरची २५ टक्के जकात २०२१ पर्यंत संपायची होती; २०१८च्या सुधारित व्यापार करारात ती मुदत २०४१ पर्यंत लांबवण्यात आली. त्या वेळी कोरियाची एकही कंपनी अमेरिकेत पिकअप विकत नव्हती.