जुन्या लहान मोटारीची गेलेली शक्ति अल्प खर्चांत कशी परत मिळवावी ?

शेतकऱ्याच्या दारीं जी लहान मोटार उभी असते ती बहुधा नवी नसते. मारुति ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरांत रस्त्यावर आली व २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन बंद झालें. तथापि खेडोपाडीं ती अद्यापि कामावर आहे. भाजीच्या जाळ्या बाजारीं नेणें, पाण्याची मोटार दुरुस्तीस पोंचविणें, रात्रीं-अपरात्रीं आजाऱ्यास तालुक्याच्या दवाखान्यांत नेणें, हीं सर्व कामें ती मुकाट्यानें करिते. अशी गाडी चढावर दम टाकूं लागली म्हणजे मालकापुढें तीन वाटा ठेवल्या जातात : गाडी मोडींत घालावी, इंजिन उतरवून नवें करून घ्यावें, किंवा कोणी सुचवील तें 'पिकअप वाढविण्याचें' सामान विकत घ्यावें. या तिन्ही वाटा खर्चाच्या आहेत. चौथी वाट स्वस्त आहे, व तिचाच विचार येथें करावयाचा आहे.

नवी शक्ति व गेलेली शक्ति

हा भेद आरंभींच ध्यानांत घ्यावा. या गाडीचें इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचें व तीन सिलिंडरांचें. कार्ब्युरेटरच्या गाडींत तें नवें असतां चाळिसाच्या आंत अश्वशक्ति देतें, आणि गाडीचें वजन सुमारें ६५० किलो. एवढ्या लहान यंत्राकडून अधिक शक्ति काढावयाची म्हणजे क्लच, गिअरपेटी व ब्रेक यांवरही ताण आणणें होय. त्यांत घातलेला पैसा वसूल होत नाहीं. परंतु पंचवीस-तीस वर्षांच्या गाडींत मूळचीच शक्ति बरीच गळालेली असते. ती एका मोठ्या भगदाडांतून नव्हे, तर अनेक बारीक छिद्रांतून गळते. विहिरीस पाणी असूनही पाट जागोजाग झिरपला तर शेवटचा वाफा कोरडा राहतो. तशीच ही गोष्ट आहे. तेथें नवी विहीर खणावयाची नसते, पाट लिंपावयाचा असतो.

प्रथम परीक्षा, मग खर्च

पिकाची पाहणी केल्यावांचून पैसेवारी ठरवितां येत नाहीं. त्याचप्रमाणें सिलिंडरांतील दाब मोजल्यावांचून इंजिन गेलें कीं राहिलें हें कोणीही ठरवूं नये. हा दाब मोजण्याचें घड्याळ बहुतेक गॅरेजांत असतें. इंजिन तापवून बंद करावें, तिन्ही प्लग काढावे, कॉइलची तार सोडवावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा व स्टार्टरनें इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडराचा आंकडा कागदावर लिहावा. बरें इंजिन साधारणपणें दर चौरस सेंटिमीटरास बारा ते चौदा किलो दाब दाखवितें. तिन्ही आंकड्यांत एक किलोहून अधिक अंतर नसावें.

एखादा आंकडा कमी आल्यास त्या सिलिंडरांत चमचाभर इंजिन-तेल सोडून पुन्हां मोजावें. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर दोष व्हॉल्व्हांत अथवा हेडच्या गॅस्केटांत आहे, व त्यास संपूर्ण इंजिन उतरविण्याचें कारण नाहीं. तिन्ही आंकडे ठीक असतील तर इंजिन उघडूं देऊं नये. हा एक कागद हातीं असणें हें मालकाचें मोठें संरक्षण आहे.

आमच्या गांवच्या एका बागाईतदारास अशी गाडी चढ चढेना म्हणून बोअर करण्याचा सल्ला मिळाला होता, व त्यासाठीं ऊंसाच्या बिलांतील रक्कम बाजूस ठेवण्याची तयारीही झाली होती. दाब मोजला तों तिन्ही आंकडे बारांच्या वर. दोष निघाले ते असे : ॲक्सिलरेटरची केबल सैल होती, आणि पुढील एका चाकाचा ब्रेक चिखलानें जाम होऊन सतत घासत होता. केबल ताणण्यास व ब्रेक साफ करण्यास एक दुपार पुरली.

बिनखर्चाचीं कामें

वरील दोन्ही दोष जुन्या गाड्यांत नित्याचे आहेत. एका माणसानें इंजिन बंद असतां पाय पूर्ण दाबावा व दुसऱ्यानें कार्ब्युरेटरची झडप पूर्ण उघडते कीं नाहीं हें पाहावें. ती पाऊणच उघडत असेल, तर पूर्ण शक्ति मिळणारच नाहीं. इंजिन तापल्यावर चोकची पट्टी पूर्ण उघडते ना, हेंही त्याच वेळीं पाहावें.

ब्रेकांची परीक्षा याहून सोपी. फारसा ब्रेक न लावतां पांच-सात किलोमीटर चालवून गाडी थांबवावी व चाकांजवळ हात नेऊन पाहावा. एक चाक इतरांहून अधिक तापलें असेल तर तेथें शक्ति जळत आहे. टायरांतील हवा कमी असल्यास चाक जड फिरतें. म्हणून ती पंधरा दिवसांनीं पाहावी. डिकींत कायमचें पडून राहिलेलें सामानही काढावें. साडेसहाशें किलोंच्या गाडीस शंभर किलो म्हणजे जवळजवळ सातवा हिस्सा.

थोडक्या खर्चाचीं कामें

पहिलें काम हवेच्या गाळणीचें. शेतरस्त्याची धूळ तिच्या कागदांत बसते. ती झटकावी अथवा आंतून बाहेर हवा मारून साफ करावी. बाहेरून आंत मारल्यास धूळ अधिक रुतते. काळी पडल्यास नवी घालावी. गाळणीवांचून गाडी चालविणें मात्र कधींही नको. ती धूळ मग सिलिंडराच्या भिंती खाते.

दुसरें ठिणगीचें. तीन प्लग फारशा किंमतीचे नाहींत; त्यांची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावी. ज्या गाड्यांत पॉइंट आहेत, तेथें पॉइंटांची फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवून मगच टायमिंग लावावें. टायमिंग मागें पडल्यास गाडी मंद होते व इंजिन तापतें; फार पुढें गेल्यास चढावर खडखड आवाज येतो व पिस्टनास इजा पोंचते. डिस्ट्रिब्युटरास जाणारी निर्वाताची बारीक रबरी नळी अनेकदां चिरलेली आढळते. ती थोडक्या रुपयांची आहे, पण ती फुटली म्हणजे ठिणगी योग्य वेळीं पुढें सरकत नाहीं.

तिसरें टॅपेटचें. व्हॉल्व्हांची फट फिलर गेजनें मोजून पुस्तिकेंतील मापाप्रमाणें लावावी. फट फार कमी असल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीं व दाब निसटतो. कॅमचा दातेरी पट्टा एक दांता सरकला असला तरी शक्ति उतरते, म्हणून त्याच वेळीं खुणा जुळवून पाहाव्या.

चौथें कार्ब्युरेटरचें. तो उघडून जेट स्वच्छ करावे, पण जेटांत तार घालून भोंक मोठें करूं नये. मिश्रण लावतांना प्रदूषण-तपासणीच्या यंत्राचा उपयोग करून घ्यावा. तें कार्बन मोनॉक्साइडचें प्रमाण आंकड्यांत दाखवितें. २००० सालाच्या सुमारास इंधन-फवारणीची योजना आली. त्या गाड्यांत याऐवजीं फवारे व झडप साफ करावी.

पांचवें, थर्मोस्टॅट. गाडी तापते म्हणून पुष्कळ ठिकाणीं तो काढून टाकतात. त्यामुळें इंजिन नीट तापत नाहीं, पेट्रोल अधिक जातें व झीज वाढते. रेडिएटर साफ करून तो परत बसवावा.

इथेनॉलचा प्रश्न

आपल्याच ऊंसाचें इथेनॉल आतां पेट्रोलांतून आपल्या टाकींत येतें. २०२५ पासून पंपांवर वीस टक्के मिश्रण सामान्य झालें आहे. इथेनॉलांत लिटरमागें पेट्रोलापेक्षां सुमारें एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून या मिश्रणांत सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. शिवाय जुना कार्ब्युरेटर केवळ पेट्रोलासाठीं जुळविलेला असल्यानें मिश्रण पातळ होतें व गाडी झटके देते. तें किंचित् दाट करून घ्यावें. जुन्या रबरी नळ्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्या. यांत कुचराई नको, कारण गळक्या नळीनें आग लागते. इथेनॉल ओल शोषून घेतें, म्हणून पेरणी-काढणीच्या दिवसांत गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवूं नये.

इंजिनावर नाहक ठपका नको

उंचीवर हवा विरळ असते. दर तीनशें मीटर चढणीस इंजिनाची शक्ति सुमारें तीन टक्के घटते. पोलादपुराहून आंबेनळी घाटानें महाबळेश्वरास, म्हणजे साडेतेराशें मीटर उंचीच्या आसपास, पोंचेपर्यंत तेरा-चौदा टक्के शक्ति उणी होते. हा दोष गाडीचा नव्हे. तेथें खालचा गिअर वेळीं घालावा, हाच उपाय.

काय घेऊं नये

पेट्रोलाच्या नळीस बांधावयाचीं लोहचुंबकें, हवेच्या वाटेंत बसवावयाचे पंखे, टाकींत टाकावयाच्या शक्तिवर्धक गोळ्या, यांवर एक रुपयाही घालूं नये. सायलेन्सर कापल्यानें आवाज वाढतो, शक्ति नव्हे. याखेरीज मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ अन्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील बदलेल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं पुन्हां पांच वर्षांसाठीं वाढवून घ्यावी लागते. त्या तपासणींत असा फेरफार उघडकीस आल्यास गाडीच अडकून पडते.

सारांश, प्रथम दाब मोजावा, मग बिनखर्चाचीं कामें, मग थोडक्या खर्चाचीं, आणि दाबाचा आंकडा सांगेल तरच इंजिनास हात. दर वेळीं एकच काम करावें व तोच चढ त्याच ओझ्यानें चढून फरक वहींत टिपावा. म्हणजे कोणत्या रुपयानें काय दिलें हें कळतें. झिजलेल्या रिंगा टिपणांनीं भरून येणार नाहींत, व तशा गाडीवर किती खर्चावें हें मालकानें तिच्या किंमतीकडे पाहून ठरवावें. परंतु ज्या गाडीचे तीनही आंकडे शाबूत आहेत, ती मोडींत घालण्याची घाई करूं नये.